पंधरा मीटरच्या आत

तो रविवार इतका साधा होता की त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. म्हणूनच लिहिते आहे.

सकाळी नळाला पाणी वेळेवर आलं. वर्तमानपत्र ओलं नव्हतं. साडेनऊला बाबांनी तीस मीटरची टेप खांद्याला अडकवली, पितळी ओळंबा खिशात टाकला आणि मला विचारलं, "खाली उभी राहतेस का जरा? पाच मिनिटांचं काम आहे."

बाबांची पाच मिनिटं खरोखर पाच मिनिटांचीच असत. अडतीस वर्षं त्यांनी एका बांधकाम कंपनीत अंदाजपत्रकं केली. म्हणजे एखादी इमारत बांधायच्या, रंगवायच्या किंवा पाडायच्या आधी तिला सामान किती, माणसं किती, दिवस किती लागतील, ते कागदावर मांडायचं. निवृत्तीनंतरही ते जग मोजूनच बघत. घरी पाहुणे किती येणार असं विचारलं तर म्हणत, "निश्चित चार, संभाव्य दीड." दीड म्हणजे काकू आणि तिची नात. जगातल्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी कुणीतरी नीट न मोजलेलं काहीतरी असतं, असं त्यांचं मत होतं. मी मात्र भांडणांची मुळं कादंबऱ्यांत शोधत आले. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे या विषयावर आमचं कायम एक एक मत पडत असे.

आमची इमारत तळमजला धरून पाच मजल्यांची. बाहेरचा गिलावा जागोजागी फुगला होता. मूळ रंग कोणता होता यावर इमारतीत दोन गट होते. तेव्हा नवा रंग लावायचा ठरला आणि अंदाजपत्रक अर्थातच बाबांकडे आलं. रंगाच्या अंदाजपत्रकात सगळं उंचीवर असतं. उंची चुकली की भिंतीचं क्षेत्रफळ चुकतं, क्षेत्रफळ चुकलं की गिलावा, रंग, परांची, मजूर सगळंच चुकतं. शिवाय आमच्या गावचा एक नियम. पंधरा मीटरपर्यंतच्या इमारतीला रंगाऱ्यांसाठी परांची बांधायची तर साधा अर्ज पुरतो. पंधराच्या वर एक बोट जरी गेलं तरी ती सरकारदरबारी 'उंच इमारत' होते. मग अभियंत्याचा दाखला, सुरक्षेचा आराखडा, वेगळा विभाग आणि वेगळी रांग. रंग वाळायला दोन दिवस लागतात, हे कागद वाळायला वर्ष.

मोजायची पद्धत अशी. बाबा गच्चीवर. कठड्याच्या माथ्यावरून टेप खाली सोडायची, टोकाला ओळंब्याचं वजन. ओळंबा जमिनीला नुसता टेकला की खालच्या माणसाने "लागला" म्हणायचं. आधी म्हटलं तर माप कमी, उशिरा म्हटलं तर टेप सैल पडून माप जास्त. खालच्या माणसाला एवढंच काम. त्याला डोळे आणि तोंड सोडून काहीही लागत नाही.

माझ्याकडे दोन्ही होतं. फक्त डोळे नऊशे पानांच्या एका कादंबरीत होते. नायिका एकदाची घर सोडत होती. त्याआधीची साडेतीनशे पानं ती नुसती दारात उभी होती, त्यामुळे माझी अवस्था समजून घ्यावी. वरून आवाज आला, "लागला का?" मी म्हणाले, "लागला!" आणि पान उलटलं. मग आवाराच्या कोपऱ्यातल्या बाकावर सावलीत जाऊन बसले आणि नायिका स्टेशनवर पोचेपर्यंत मान वर केली नाही.

दुपारी बाबांनी वहीत आकडा लिहिला, चौदा मीटर पंच्याऐंशी. "पंधराच्या आत," असं म्हणून खुशीत टाळी वाजवली आणि कागद सचिवांना देऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, अर्धा चहा पिऊन झाल्यावर, बाबांनी खुर्चीच्या पाठीला मान टेकवली. डॉक्टर आले. त्यांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ पाहून कागदावर वेळ लिहिली. ती आमच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा चार मिनिटं पुढे होती. बाबांनी हे खपवून घेतलं नसतं.

तीन आठवड्यांनी सचिवांच्या बाहेरच्या खोलीत रंगाची बैठक झाली. सचिव हे अत्यंत सरळ गृहस्थ. त्यांचा एकच दोष, शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटतं. त्या दिवशी शेवटी कंत्राटदार बोलत होता.

"साहेब मोठा माणूस, त्यात वाद नाही," तो म्हणाला. "पण वय झालं की नजर हलते हो. साधा हिशोब आहे. मजले पाच. मजल्याला तीन मीटर. पाच त्रिक पंधरा. वर कठडा एक वीस. सोळा वीस. ह्याच्यात मोजायचंय काय?"

"हे पटतंय," सचिव म्हणाले.

"बाबांनी मोजलंय," मी म्हणाले. "त्यांचं माप चुकत नाही."

माझा आवाज बराच चढला असावा, कारण सचिवांच्या बायकोने आतून पाण्याचा ग्लास आणून माझ्या हातात दिला. मी ताठ बसले होते. इतकी ताठ मी फक्त खोटं बोलतानाच बसते. बाबांचं माप चुकत नाही हे खरंच. पण त्या मापाचं खालचं टोक माझ्या हवाली होतं, आणि मी ते एका काल्पनिक बाईसाठी वाऱ्यावर सोडलं होतं. अडतीस वर्षांत ज्या माणसाचा एक आकडा कुणी खोडला नाही, त्याचा शेवटचा आकडा मी बिघडवला असण्याची दाट शक्यता होती.

"वाद कशाला? परत मोजू," तिसऱ्या मजल्यावरचे गणिताचे सर म्हणाले. "टेप आहे ना गं तुझ्याकडे?"

"टेप सापडत नाहीये," मी म्हणाले.

टेप माझ्या कपाटात शब्दकोशाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांच्या मागे होती. बैठकीला यायच्या आधी तासभर मीच ती तिथे ठेवली होती. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्याभोवती लाल गोल करणं हा माझा त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंतचा व्यवसाय. स्वतःची चूक शब्दकोशामागे लपवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण टेप पुन्हा सोडली असती आणि आकडा वेगळा आला असता, तर सगळे हळहळून म्हणाले असते, "जाऊ दे, वय झालं होतं बिचाऱ्यांचं." बिचारे! बाबांना कुणी बिचारे म्हटलेलं मला चाललं नसतं, आणि खरं सांगायची माझी छाती नव्हती.

कंत्राटदाराकडे टेप होती ती पाच मीटरची. मोठी आणायला तो तयार नव्हता, कारण त्याच्या मते प्रश्न सुटलेलाच होता. त्यामुळे आमच्या इमारतीत विज्ञानयुग अवतरलं.

पहिला मान सरांचा. त्यांनी मला आठवीत गणित शिकवलं होतं आणि तो प्रसंग ते विसरले नव्हते. मीटरभराची काठी आवारात उभी करायची, तिची सावली मोजायची, इमारतीची सावली मोजायची, मग समरूप त्रिकोण.

"आठवतात का समरूप त्रिकोण?"

"नाही, सर."

"तेव्हाही आठवत नव्हते."

सकाळी नऊला इमारतीची सावली आवार ओलांडून समोरच्या इमारतीच्या भिंतीवर चढली. जमिनीवरची सावली मोजायची की भिंतीवरची धरून, यावर सर स्वतःशीच वाद घालत राहिले. उंची आली एकोणीस मीटर. दुपारी बाराला पुन्हा मोजलं तेव्हा अकरा. मधल्या तीन तासांत आठ मीटर इमारत नाहीशी झाली आणि चौथ्या मजल्यावरच्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"पद्धत बरोबर आहे," सर टोपी काढून घाम पुसत म्हणाले. "सूर्य सहकार्य करत नाही."

हे सगळं तळमजल्यावरच्या मावशी आपल्या खिडकीतून बघत होत्या. मावशी म्हणजे निवृत्त परिचारिका. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्या दिवसभर खिडकीत बसून विणकाम करतात आणि आवारातल्या घडामोडींची नोंद ठेवतात. त्यांची खिडकी इतकी खाली आहे की येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांच्या ताटात काय वाढलंय ते दिसतं. "पूर्वी लोक मान वर करून माझ्याशी बोलायचे," त्या म्हणतात, "आता मला मान वर करावी लागते."

"काय गं, कसली शर्यत चाललीय?" त्यांनी मला विचारलं.

"इमारतीची उंची मोजतोय, मावशी."

"पुन्हा?" त्या म्हणाल्या. त्यांना पुढे काही बोलायचं असावं, पण मी घाईने वर निघून आले. 'पुन्हा' हा शब्द त्या दिवसांत मला झेपत नसे.

दुसरा मान सचिवांचा. त्यांच्या जावयाने त्यांना लेझरने मोजायचं यंत्र भेट दिलं होतं. ते दोन वर्षं खोक्यात होतं, कारण मोजण्यासारखं काही मिळालं नव्हतं. ते जमिनीवर उभं धरून बटण दाबलं की प्रकाशाचा ठिपका वर जाऊन कशावर तरी आपटतो आणि अंतर दिसतं. कशावर तरी आपटणं आवश्यक. आमच्या यंत्राचा ठिपका थेट आभाळात गेला. यंत्राने बराच विचार केला आणि शरणागती पत्करली.

"वरून आडवं काहीतरी धरा," सर म्हणाले. सचिव स्वयंपाकघरातलं मोठं स्टीलचं ताट घेऊन गच्चीवर गेले आणि कठड्याबाहेर हात काढून उभे राहिले. सरांनी खालून नेम धरला. पाच चाळीस. हे आमच्या दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीचं माप होतं. चादर काढायला लावली. ती काढणाऱ्या वहिनींनी सरांना दोन शब्द ऐकवले. तेवढ्या वेळात सचिवांचा हात भरून आला आणि ताट सुटलं.

खाली कुणी नव्हतं, फक्त सचिवांची स्वतःची गुलाबाची कुंडी होती. आता नाही. पण सरांचं लक्ष कुंडीकडे नव्हतंच. ते मनगटाकडे बघत होते.

"एक पूर्णांक आठ सेकंद!" ते ओरडले. "पडणाऱ्या वस्तूचा नियम! पंधरा अठ्ठ्याऐंशी! सचिव, पुन्हा टाका, सरासरी काढू!"

सचिवांनी वरून जे उत्तर दिलं ते त्यांच्या सरळ स्वभावाला शोभणारं नव्हतं.

गंमत त्यांना होती. मला फक्त आकडा ऐकू आला. पंधरा अठ्ठ्याऐंशी म्हणजे जवळजवळ कंत्राटदाराचाच आकडा. ताटाला कुणाची बाजू घ्यायचं कारण नव्हतं.

वेळ मारून न्यायला मी सुचवलं की बांधकाम परवानगी कार्यालयात इमारतीची मूळ फाईल असेल, मी ती बघून येते. सगळ्यांना हे फार जबाबदारपणाचं वाटलं. 'वडिलांवर गेलीय,' असंही कुणीतरी म्हणालं. मी मान खाली घातली.

कार्यालयातली खिडकी क्रमांक चार. आतल्या बाईंनी माझ्याकडे न बघता छापील अर्ज सरकवला. "इमारतीची उंची, मोजल्याची तारीख, मोजणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही. कुणी मोजलं?"

"माझ्या बाबांनी."

"मग त्यांना घेऊन या."

"ते येऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत?"

"नाही."

"परगावी?"

मी अर्जाची घडी घातली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मी म्हणाले, "हो. तसंच काहीसं."

"कधी येतील?"

"ते काही बोलले नाहीत."

"पुरुष मंडळींचं असंच असतं," बाई कळवळून म्हणाल्या. "आले की या. फाईल शोधून ठेवते."

मी बाहेर जिन्यात येऊन बसले. शोकाकुल माणसाने सरकारी जिन्यात हसू नये, असा काही नियम नसावा, पण मला हसू आलं आणि मग बराच वेळ ते थांबेना. खरं म्हणजे चार आठवडे मी तो शब्द टाळतच होते. लोक भेटायला येत, ते तो उच्चारत, मी मान हलवत असे. फोनवर "बाबा आहेत का?" असं कुणी विचारलं तर "आत्ता नाहीत" म्हणत असे. हे वेड नव्हतं. मला माहीत होतं काय झालंय ते. फक्त असं वाटत होतं की एकदा तो शब्द उच्चारला की त्यांचं खातं बंद, आणि त्यात शेवटची ओळ माझ्या हातची, चुकलेली. मुद्रित दुरुस्त होईपर्यंत पुस्तक छापायला जाऊ द्यायचं नाही, ही माझी व्यवसायातली सवय असेल.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. फाईल सापडली होती. तिला कुजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता आणि एका कोपऱ्यावर कुणीतरी जेवलं होतं, बहुधा उंदीर.

"आले का वडील?"

"अजून नाही."

"बघा आता. हं, ही तुमची उंची. पंधरा साठ."

"पंधरा साठ?"

"कागदावर पंधरा साठ आहे म्हणजे पंधरा साठ. उंच इमारत. त्यांचा विभाग पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद आहे."

मी मनात वजाबाकी केली. पंधरा साठ वजा चौदा पंच्याऐंशी. पंच्याहत्तर सेंटिमीटर. पाऊण मीटर. म्हणजे ओळंबा जमिनीपासून माझ्या गुडघ्याच्याही वर लटकत असताना मी "लागला" म्हणाले होते. मला तो डोळ्यांसमोर दिसायला लागला. हळूहळू फिरणारा, पितळी, बिचारा ओळंबा. आणि वर कठड्यावर वाकलेले बाबा, माझ्यावर विश्वास ठेवून आकडा वाचणारे.

"बाई, पाणी हवं का?" खिडकीतून आवाज आला. मी चेहरा लपवायला फाईलमधला नकाशा उघडला. चेहरा लपवायला इमारतीचा नकाशा फार सोयीचा, तो मोठा असतो. लपवलेल्या चेहऱ्याने माणूस काय करणार? मी नकाशा वाचायला लागले. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय मला सोडवत नाही. कठडा एक वीस. मजल्याची उंची दोन सत्तर, तीन नाही! दोन सत्तर! कंत्राटदाराचे पाच त्रिक तिथेच कोसळले. मजले पाच, म्हणजे साडेतेरा. साडेतेरा आणि एक वीस, चौदा सत्तर. मग पंधरा साठ कसे? आणखी नव्वद सेंटिमीटर कुठून?

मी खाली खाली बघत गेले. सगळ्यात तळाशी, दाराशी, सहा बारीक रेषा होत्या. पायऱ्या. प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर.

आमच्या दाराशी एकच पायरी आहे.

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो एरवी मला फक्त चांगल्या वाक्यावर येतो. दर दोनचार वर्षांनी रस्त्यावर खडी आणि डांबराचा नवा थर पडतो. जुना कुणी काढत नाही. मग आवारात पाणी येतं म्हणून आम्ही आवारात भराव घालतो आणि वर फरशी बसवतो. मग पुन्हा रस्ता. तीस वर्षांत एक एक करून पाच पायऱ्या जमिनीखाली गेल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मावशींची खिडकी खाली आलेली नव्हती, रस्ता वर आला होता. पाच पंधरे पंच्याहत्तर. फाईलही बरोबर होती, आणि चौदा पंच्याऐंशीही बरोबर. अगदी सेंटिमीटरपर्यंत.

"उंची कुठून मोजायची असते?" मी खिडकीत जवळजवळ शिरत विचारलं.

बाईंनी नियमांची पुस्तिका काढली, बोट ओलं केलं, पानं उलटली. "आज जी जमीन आहे तिथून," त्या म्हणाल्या. "काल जी होती तिथून कोण मोजणार? परांची आजच्या जमिनीवर उभी राहणार ना?"

मला त्या बाईंची पापी घ्यावीशी वाटली. मध्ये काच होती.

घरी येईपर्यंत आनंद टिकला. आवाराच्या फाटकाशी मात्र शंकेने गाठलं. माझं लक्ष नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं. मग माप बरोबर कसं आलं? न बघता अचूक क्षणी ओरडायला मी काय मांजर आहे? योगायोग म्हणावा तर बाबांचा योगायोगावर विश्वास नव्हता. त्यांच्या वहीत त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

"झालं का काम?" मावशींनी खिडकीतून विचारलं.

आणि मी तिथेच, हातात पिशवी, घामाघूम, रस्त्याने शेजारीपाजारी जात असताना, बोलून गेले. "मावशी, त्या रविवारी मी बघितलंच नव्हतं. मी वाचत होते. बाबांनी विचारलं आणि मी लागला म्हणून टाकलं. आणि टेप हरवलेली नाही, मी लपवलीय."

मावशींच्या सुया थांबल्या नाहीत. "माहितीय की."

"काय माहितीय?"

"तू वाचत होतीस ते. वरून त्यांना दिसत नव्हतं काय? माणूस गच्चीवर होता, आंधळा नव्हता. ओळंबा ह्या खिडकीच्या गजाशी लटकत होता आणि तू लागला म्हणून ओरडलीस. मी मोठ्याने हसले. ते वरून मला खूण करतात," मावशींनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं, "गप्प बसा म्हणून. तू गेलीस बाकावर. मग त्यांनी टेप आणखी सोडली आणि वरून विचारलं, 'बाई, आता बघता का जरा?' मी बघितलं. नीट बघितलं हो, तीस वर्षं थर्मामीटर वाचलेत मी. टेकला तेव्हा सांगितलं. तीनदा करायला लावलं मला त्यांनी. तीनदाही तेच आलं."

मी खिडकीचा गज धरला.

"मी म्हटलं, अहो, पोरगी समोर बसलीय, तिला हाक मारा की. तर म्हणाले, 'राहू दे. रंगात आलीय वाचायच्या.'"

"मावशी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? मी 'पुन्हा' म्हटलं तर पळालीस. मला वाटलं, मोठी माणसं आहात, ताटं टाकून मोजायची हौस असेल तुमची."

माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याचा आवाज बहुधा सचिवांच्या ताटाइतका झाला असावा, कारण मावशींनी विणकाम बाजूला ठेवून गजातून माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पाच आठवड्यांत पहिल्यांदा रडले. उभ्या उभ्या, आणि फार वेळ नाही. मग मावशी म्हणाल्या, "पुरे आता. नाक पूस. त्या अर्जावर साक्षीदाराची सही लागत असेल ना? मी येते. मला गाडी बोलाव फक्त, आणि बाहेरचे कपडे घालू दे."

संध्याकाळी मी शब्दकोशामागून टेप काढून सचिवांच्या खोलीत टेबलावर ठेवली आणि काय घडलं ते सगळं सांगितलं. कंत्राटदार नकाशावरचे दोन सत्तर बराच वेळ निरखत राहिला. "मजल्याला तीन धरतातच, मॅडम," तो हळूच म्हणाला. "साहेबांनी धरले नाहीत," मी म्हणाले. सर सहा पायऱ्यांवर बोट फिरवत म्हणाले, "म्हणजे मी मोजली तेव्हा इमारत बरोबर होती, जमीन चुकत होती." सचिवांना हेही पटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खिडकी क्रमांक चारसमोर उभ्या राहिलो. मावशींनी आल्या आल्या बाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून लोहाच्या गोळ्या घेता का असं विचारलं, त्यामुळे आमचा नंबर लवकर लागला. अर्ज भरलेला होता. उंची, चौदा मीटर पंच्याऐंशी. तारीख, त्या रविवारची. साक्षीदाराच्या जागी मावशींची सही, परिचारिकेच्या सवयीने वेळेसकट. वरची एक जागा रिकामी होती.

बाईंनी पेनाने त्या जागेवर टकटक केलं. "आणि मोजणारे? आले नाहीत का अजून परगावाहून?"

मागे रांग होती. मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही, त्या खिडकीवरची सूचना वाचत राहिल्या.

"ते परगावी नाहीत," मी म्हणाले. "माझे बाबा वारले. पाच आठवडे झाले. हे माप त्यांनी आदल्या दिवशी घेतलं. मी खाली उभी होते, पण माझं लक्ष नव्हतं. तरीही ते बरोबर आहे."